चौकाला शिस्त लावणारे विल्यम ईनो

एखाद्या चौकात अपघात होतो, कोणी जिवाला मुकतो आणि दुसऱ्याच दिवसापासून तेथे सिग्नल बसवण्याची मागणी सुरू होते. निवेदने दिली जातात, प्रसंगी रास्ता रोको होतो, पालिकेच्या सभेत प्रश्न उपस्थित होतो आणि अखेर खांब उभे राहून दिवे लागतात. या मागणीमागची कळकळ खरी असते. परंतु त्या चौकाला दिव्यांची गरज आहे का, तेथील अपघातांचे कारण दिव्यांनी दूर होण्याजोगे आहे का आणि त्यांच्यापेक्षा साधा उपाय उपलब्ध आहे का, हे तीन प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. रस्त्यांच्या बाबतीत असे प्रश्न विचारण्याची सवय ज्यांनी लावली, त्यांत विल्यम फेल्प्स ईनो या अमेरिकी गृहस्थांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. वाहतूक नियमनाचे जनक म्हणून ते ओळखले जातात. मराठी वाचकाला हे आडनाव पोटाच्या तक्रारीवरील पावडरीमुळे ठाऊक असले, तरी त्या पावडरीशी या ईनोंचा काही संबंध नाही. त्यांनी औषध शोधले ते रस्त्यांच्या दुखण्यावर.

विल्यम ईनो यांचा जन्म ३ जून १८५८ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. घर गर्भश्रीमंत होते. वडील एमोस रिचर्ड्स ईनो हे कनेक्टिकट राज्यातील सिम्सबरी गावातून न्यूयॉर्कला आलेले व्यापारी. कापडाच्या व्यापारात पैसा मिळवल्यावर त्यांनी जमिनींच्या व्यवहारात लक्ष घातले आणि त्यात अफाट यश मिळवले. ब्रॉडवे आणि फिफ्थ ॲव्हेन्यू हे दोन रस्ते जेथे एकमेकांना छेदतात, त्या मॅडिसन स्क्वेअरपाशी त्यांनी एक भव्य हॉटेल बांधले. हे फिफ्थ ॲव्हेन्यू हॉटेल १८५९ साली सुरू झाले, तेव्हा ती जागा शहरापासून दूर समजली जाई. साहजिकच लोकांनी एमोस ईनो यांना वेड्यात काढले. पुढे शहरच त्या हॉटेलपर्यंत चालत आले आणि ते न्यूयॉर्कच्या राजकारणाचे व प्रतिष्ठितांचे केंद्र बनले. हॉटेलजवळचा त्रिकोणी भूखंडही एमोस यांच्याच मालकीचा होता. त्याच भूखंडावर १९०२ साली जगप्रसिद्ध फ्लॅटआयर्न इमारत उभी राहिली. दोन वर्दळीचे रस्ते तिरपे छेदले की काय घडते, हे पाहण्यासाठी या घरातल्या मुलाला लांब जाण्याची गरज नव्हती. या कुटुंबात सार्वजनिक कामाची ओढही होती. विल्यम यांच्या बहिणीचा मुलगा गिफर्ड पिंशो पुढे अमेरिकी सरकारच्या वनसेवेचा पहिला प्रमुख झाला.

विल्यम नऊ वर्षांचे असताना, १८६७ साली, आईबरोबर घोडागाडीतून जात होते. वाटेत ब्रॉडवेवर त्यांची गाडी कोंडीत अडकली. मोटारीचा शोध लागायला अजून बराच अवकाश होता. कोंडी झाली होती ती जेमतेम डझनभर घोडागाड्यांची. एखाद्याने थोडे मागे सरायचे, दुसऱ्याने आधी निघायचे, एवढ्याने ती सुटली असती. पण कोणी मागे सरायचे आणि कोणी आधी निघायचे, हे गाडीवानांना ठाऊक नव्हते आणि पोलिसांनाही नव्हते. प्रत्येकाने आपले घोडे पुढे दामटले आणि सगळेच जागच्या जागी रुतले. ही आठवण ईनो यांनी आयुष्यभर जपली आणि म्हातारपणी लिहूनही ठेवली. रस्ता अपुरा होता म्हणून नव्हे, तर थोडीशीही शिस्त नव्हती म्हणून कोंडी झाली, हा त्यांनी त्या प्रसंगातून घेतलेला धडा होता. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे बीज त्यात होते.

येल विद्यापीठात शिक्षण घेतल्यावर ईनो घरच्या जमीनजुमल्याच्या व्यवसायात शिरले. १८९८ साली वडील वारले. दुसऱ्याच वर्षी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्यांनी व्यवसायातून अंग काढून घेतले. पैशाची ददात नव्हती आणि मनात एकच विषय होता. त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये घोड्यांची संख्या लाखाच्या घरात होती. मालवाहू गाडे, श्रीमंतांच्या बग्ग्या, भाड्याच्या गाड्या, ट्राम, सायकली आणि नुकत्याच अवतरलेल्या मोटारी अशी सरमिसळ रस्त्यांवर चालू असे. उजव्या बाजूने चालावे, असे काही जुने नियम कागदावर होते. ते कोणाला माहीत नव्हते आणि कोणी ते अमलातही आणत नव्हते. गाडीवान रस्त्याच्या कोणत्याही बाजूने जाई, वाटेल तेथे वळे आणि वाटेल तेथे गाडी उभी करी. नाटकगृहे सुटण्याच्या वेळी तर बाहेर नुसता गोंधळ माजे.

ईनो यांनी पहिला घाव लेखणीने घातला. घोडेस्वारी आणि गाड्यांची आवड असणाऱ्यांसाठी निघणाऱ्या ‘रायडर अँड ड्रायव्हर’ या नियतकालिकात २० जानेवारी १९०० रोजी त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. रस्त्यांवरील वाहतुकीत तातडीने सुधारणा हवी, हा त्याचा विषय होता. लेख लिहून ते थांबले नाहीत. नियमांचा मसुदा त्यांनी स्वतः तयार केला आणि तो पोलिसांच्या गळी उतरवण्यासाठी तीन-साडेतीन वर्षे पाठपुरावा केला. पोलीस आयुक्त फ्रान्सिस व्हिंटन ग्रीन यांच्या कारकिर्दीत त्याला यश आले आणि ३० ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्क शहराने हे नियम स्वीकारले. नियमांच्या छोट्या पुस्तिका ईनो यांनी पदरमोड करून छापल्या आणि गाडीवानांपर्यंत पोहोचवल्या.

आज ते नियम वाचले तर त्यांत नवल वाटण्यासारखे काही आढळणार नाही. ते आपल्या अंगवळणी पडले आहेत, हेच त्यांचे यश. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवावी. पुढच्या गाडीला मागे टाकायचे असेल तर तिच्या डावीकडून जावे. सावकाश चालणाऱ्या गाड्यांनी पदपथाच्या कडेने राहावे, म्हणजे वेगाने जाणाऱ्यांना मधली जागा मोकळी राहते. थांबण्यापूर्वी हात किंवा चाबूक उंचावून मागच्याला इशारा द्यावा. अग्निशमन दलाला आणि रुग्णवाहिकेला आधी वाट द्यावी. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या गाडीचा हक्क पूर्व-पश्चिम जाणाऱ्या गाडीच्या आधी मानावा. या शेवटच्या नियमाचे महत्त्व मोठे होते. चौकात दोन गाड्या समोरासमोर आल्या तर आधी कोणी जायचे, याचा निवाडा आता गाडीवानाच्या दांडगाईवर किंवा घोड्यांच्या ताकदीवर अवलंबून राहिला नाही. पोलीस हजर नसला तरी उत्तर ठरलेले होते.

याच नियमावलीत आणखी एक साधे कलम होते. डावीकडच्या रस्त्याला वळणाऱ्या गाडीने कोपरा कापून जाऊ नये, चौकाच्या मध्याला वळसा घालून जावे, असे ते कलम सांगत होते. कोपरा कापणारी गाडी समोरून येणाऱ्या गाडीवर थेट आदळण्याचा धोका असे. मध्याला वळसा घातला की तिचा वेग आपोआप कमी होई आणि समोरच्यालाही ती कोठे चालली आहे हे आधी दिसे. ईनो यांच्या मनात यातूनच पुढचा विचार आला. एका गाडीने चौकाच्या मध्याला वळसा घालणे सुरक्षित असेल, तर सगळ्याच गाड्यांनी एकाच दिशेने मध्याभोवती फिरावे आणि आपला रस्ता आला की बाहेर पडावे, अशी व्यवस्था का करू नये?

ही व्यवस्था अजमावण्यासाठी कोलंबस सर्कलइतकी योग्य जागा न्यूयॉर्कमध्ये नव्हती. सेंट्रल पार्कच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर ब्रॉडवे, एट्थ ॲव्हेन्यू आणि एकोणसाठावा रस्ता एकत्र येतात. तेथे मधोमध कोलंबसाचा स्तंभ १८९२ पासून उभा होता. जागा गोलच होती. पण गाड्या त्या गोलातून दोन्ही दिशांनी आणि आडव्या-तिडव्या धावत. १९०५ साली ईनो यांच्या योजनेनुसार तेथील वाहतूक एकाच दिशेने फिरू लागली. नवी इमारत बांधावी लागली नाही, यंत्र बसवावे लागले नाही. फक्त दिशा ठरवली गेली.

या साध्या युक्तीमागचे गणित पुढच्या अभियंत्यांनी आकड्यांत मांडले. दोन रस्त्यांच्या नेहमीच्या चौकात गाड्यांच्या मार्गांची एकमेकांशी गाठ पडण्याची ३२ ठिकाणे असतात. त्यांतील सोळा ठिकाणी गाड्या एकमेकींना आडव्या जातात आणि सर्वांत घातक टकरी तेथेच होतात. तोच चौक एकपदरी वर्तुळात बदलला तर अशी ठिकाणे आठच उरतात. आडवे जाण्याचे ठिकाण एकही राहत नाही. गाड्या प्रवाहात शिरतात किंवा प्रवाहातून बाहेर पडतात, एवढेच. टक्कर झालीच तर ती कमी वेगात आणि तिरकस होते, त्यामुळे माणूस वाचण्याची शक्यता वाढते. सिग्नल हेच काम वेगळ्या मार्गाने करतो. आडव्या जाणाऱ्या प्रवाहांना तो वेगवेगळी वेळ वाटून देतो. वर्तुळ त्यांना जागा वाटून देते. चौकाला दिवे हवेत की नकोत, या वादाचे मूळ या दोन वाटण्यांत आहे.

वर्तुळाकार वाहतुकीची कल्पना एकट्या ईनो यांना सुचली होती, असे म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. पॅरिसचे वास्तुकार यूजेन एनार यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तशीच मांडणी केली होती. बारा रस्ते जेथे मिळतात, त्या प्लास द लेत्वाल या विजयकमानीच्या चौकात १९०७ साली एकदिशा फिरती वाहतूक सुरू झाली, तेव्हा त्याचे श्रेय कोणाचे यावर पुढे मतभेद राहिले. ईनो यांचे पॅरिसशी आणि लंडनशीही काम निघत असे. तेथील अधिकाऱ्यांना ते योजना आणि सूचना देत राहिले. एकदिशा मार्ग, थांबण्याची पाटी, पादचाऱ्यांनी रस्ता ओलांडण्याची आखीव जागा, रस्त्याच्या मध्यावरील सुरक्षित ओटा, भाड्याच्या गाड्यांचा ठरावीक तळ, अशा अनेक गोष्टींच्या प्रसाराचे श्रेय त्यांना दिले जाते.

दरम्यान दिव्यांचे युगही जवळ येत होते. खरे तर दिवा ईनो यांच्या नियमांहून जुना. लंडनमध्ये पार्लमेंटच्या इमारतीबाहेर १० डिसेंबर १८६८ रोजी गॅसवर चालणारा पहिला सिग्नल उभा राहिला होता. रेल्वेत काम करणारे जॉन पीक नाइट यांची ती कल्पना. दिवसा रेल्वेसारखे हात खाली-वर होत, रात्री लाल व हिरवा दिवा दिसे. पण महिनाही उलटला नाही तोच, २ जानेवारी १८६९ रोजी, गॅस गळून स्फोट झाला आणि तो चालवणारा पोलीस जखमी झाला. त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक दिव्यांचे नाव फारसे कोणी काढले नाही. मग मोटारी वाढल्या आणि वीजही आली. ५ ऑगस्ट १९१४ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात युक्लिड ॲव्हेन्यूवरील एका चौकात विजेचा सिग्नल सुरू झाला. १९२० साली डेट्रॉइटमध्ये विल्यम पॉट्स या पोलीस अधिकाऱ्याने लाल, पिवळा व हिरवा अशा तीन रंगांचा सिग्नल उभारला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर, ईनो यांच्या घराण्याच्या जुन्या अंगणातच म्हणावे लागेल, दिव्यांचे मनोरे उभे राहिले.

त्या मनोऱ्यांत पोलीस बसत आणि संपूर्ण रस्त्यावरचे दिवे एकाच वेळी बदलत. लांबलचक रस्त्यावरील सगळ्या गाड्या एकदम सुटत आणि एकदम थांबत. फिफ्थ ॲव्हेन्यूवरून सरळ जाणाऱ्याला याचा फायदा झाला आणि लोकांना दिव्यांचे कौतुकही फार वाटले. शहराशहरांतून दिव्यांची मागणी होऊ लागली. दिवे असणे हे शहराच्या प्रगतीचे लक्षण समजले जाऊ लागले. ईनो यांना ही पद्धत पटली नाही. तीत वाहतुकीचे तुकडे पडतात आणि एका तुकड्याला जाऊ देण्यासाठी दुसऱ्याला निष्कारण रोखून धरावे लागते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. वाहतूक नियमनाचा हेतू ती चालती ठेवण्याचा आहे, थांबवण्याचा नव्हे, ही त्यांची धारणा पक्की होती. १९०९ पासून त्यांनी या विषयावर एकामागून एक पुस्तके लिहिली. १९२९ सालच्या पुस्तकात त्यांनी महामार्गांवरील वाहतूक सोपी कशी करावी याचा विचार मांडला. वर्तुळाकार पद्धतीचा कैवार त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

त्यांच्या आक्षेपात तथ्य होते. आरंभीचे सिग्नल आंधळे असत. आडव्या रस्त्यावर चिटपाखरू नसले तरी ठरलेला वेळ संपेपर्यंत लाल दिवा जळतच राही. १९२८ साली बाल्टिमोर शहरात चार्ल्स ॲडलर यांनी वाहनाच्या भोंग्याने बदलणारा सिग्नल बसवला, तो याच अडचणीवर उपाय म्हणून. गाडीवाल्याने भोंगा वाजवावा आणि दिव्याने त्याला वाट द्यावी, अशी ती योजना होती. आपल्याकडच्या चौकात ती बसवली असती तर दिव्याचे काय झाले असते, याची कल्पना सहज करता येईल. पुढे रस्त्याखाली तारांची वेटोळी टाकून वाहनांची चाहूल घेणारे सिग्नल आले आणि दिव्याचे आंधळेपण बरेच कमी झाले. तरीही दिवा बदलताना प्रत्येक वेळी काही सेकंद कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत, हे आजही खरे आहे. सिग्नलमुळे आडव्या टकरी कमी होतात, पण अचानक थांबलेल्या गाडीवर मागची गाडी आदळण्याचे प्रकार वाढतात, हाही जगभरचा अनुभव आहे.

परंतु ईनो यांच्या बाजूनेही सगळेच बरोबर नव्हते. त्यांची पद्धत घोडागाड्यांच्या गतीला आणि त्या काळच्या गर्दीला साजेशी होती. मोटारींचा लोंढा आल्यावर वर्तुळे तुंबू लागली. याचे कारण एका छोट्या नियमात दडले होते. वर्तुळात नव्याने शिरणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यावे, अशी तेव्हा अनेक ठिकाणी रीत होती. त्यामुळे आतल्या गाड्या बाहेर पडण्याऐवजी थांबत, बाहेरच्या आत घुसत आणि थोड्याच वेळात सारे वर्तुळ आवळल्यासारखे बंद पडे. नऊ वर्षांच्या विल्यमने ब्रॉडवेवर पाहिलेली कोंडी त्याच्याच उपायातून पुन्हा जन्माला आली. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत अशी अनेक वर्तुळे उखडून तेथे दिवे बसवण्यात आले. पादचाऱ्यांची अडचण तर वेगळीच होती. गाड्या सतत फिरत राहणे हे गाडीवाल्यांच्या सोयीचे असले, तरी म्हाताऱ्या माणसाने किंवा शाळकरी मुलाने त्या न थांबणाऱ्या प्रवाहातून पलीकडे कसे जायचे? सिग्नल निदान काही क्षण रस्ता पायी चालणाऱ्याच्या मालकीचा करून देतो. स्वतः श्रीमंत, घोड्यावर आणि गाडीत वावरलेल्या ईनो यांच्या विचारात चाकांची गती नेहमीच अग्रस्थानी राहिली, हे मान्य करावे लागते.

मात्र दिवा हा अपवाद असावा आणि त्याची गरज सिद्ध व्हावी, हा आग्रह त्या व्यवसायाने पुढे अंगीकारला. अमेरिकेत १९३५ साली देशभरासाठी रस्त्यांवरील खुणा, पाट्या आणि सिग्नल यांची पहिली एकत्रित नियमपुस्तिका निघाली. तिच्या पुढील आवृत्त्यांतून सिग्नलसाठीचे निकष पक्के होत गेले. आज तेथे असे नऊ निकष आहेत. त्यांतील एका निकषाप्रमाणे मुख्य रस्त्यावर दोन्ही दिशा मिळून तासाला किमान ५०० आणि आडव्या रस्त्याच्या अधिक वर्दळीच्या बाजूने १५० वाहने, तीही दिवसातले आठ तास, असावी लागतात. हे आकडे एकपदरी रस्त्यांसाठीचे आहेत. पादचाऱ्यांची संख्या, शाळेची जागा, झालेले अपघात, जवळचे रेल्वे फाटक असे इतर निकषही आहेत. निकष पूर्ण झाला म्हणून दिवा लावलाच पाहिजे असे नाही, हेही ती पुस्तिका बजावते. आधी मोजणी, मग पाहणी आणि त्यानंतर निर्णय, असा तिचा क्रम आहे.

हा क्रम चुकला तर काय होते, याचा पुरावा फिलाडेल्फिया शहराने दिला. तेथे गरज नसताना बसवलेले १९९ चौकांतील सिग्नल काढून टाकण्यात आले आणि सर्व बाजूंनी थांबण्याच्या पाट्या लावण्यात आल्या. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या चौकांतील अपघात सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. दिवे गेल्यावर अपघात वाढतील, ही सर्वसामान्य समजूत तेथे खोटी ठरली. प्रत्येक गाडीवाला थांबून दोन्हीकडे पाहू लागला, एवढाच तो बदल होता.

ईनो यांच्या वर्तुळालाही दुसरा जन्म मिळाला. ब्रिटनने १९६६ साली वर्तुळात आधीपासून असलेल्या वाहनाला अग्रहक्क देण्याचा नियम केला. रस्ते संशोधन प्रयोगशाळेतील फ्रँक ब्लॅकमोर यांनी त्यासाठी चिकाटीने प्रयोग केले होते. एवढ्या एका बदलाने वर्तुळे तुंबायची थांबली आणि लहान जागेतही ती बसवता येऊ लागली. १९९० साली नेवाडा राज्यातील समरलिन येथे या नव्या पद्धतीची वर्तुळे अमेरिकेत परतली. अशा रीतीने बदललेल्या २४ चौकांचा अभ्यास झाला, तेव्हा एकूण अपघात सुमारे ४० टक्क्यांनी आणि माणसे जखमी होणारे अपघात सुमारे तीन चतुर्थांशाने कमी झाल्याचे आढळले. इंडियाना राज्यातील कार्मेल या गावात आज दीडशेहून अधिक वर्तुळे आहेत.

भारतातही या दोन्ही उपायांची मोजमापे ठरलेली आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसने १९७६ साली वाहतूक बेटांसाठी आणि १९८५ साली सिग्नलसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. सर्व रस्त्यांवरून मिळून तासाला सुमारे ३,००० पर्यंत वाहने येत असतील तर वाहतूक बेट पुरे पडते, असे त्यांत धरलेले आहे. सिग्नलसाठी वाहनांची किमान संख्या, पादचाऱ्यांची गर्दी आणि अपघातांची नोंद असे निकष दिलेले आहेत. डावीकडून चालणाऱ्या आपल्या वाहतुकीत चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी, हा नियमही कायद्याने घालून दिलेला आहे. वर्तुळ चालते ठेवणारा तो हाच नियम. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात सिग्नलची मागणी होईल तेव्हा ही मोजणी झाली आहे का, असे विचारण्याचा अधिकार मागणी करणाऱ्यालाही आहे आणि मागणी नाकारणाऱ्यालाही त्या मोजणीचे उत्तर द्यावेच लागेल. मोजणीने सिग्नलची गरज सिद्ध होत असताना तो न बसवणे, हा तितकाच मोठा अपराध ठरेल.

ईनो यांनी १९२१ साली महामार्ग वाहतूक नियमनासाठी स्वतःच्या पैशातून एक प्रतिष्ठान स्थापन केले. कनेक्टिकटमधील सॉगाटक येथून त्याचे काम चाले. नियम थोडके आणि सोपे असावेत व त्यांना कायद्याचे बळ असावे, ते इतके प्रसिद्ध व्हावेत की माहीत नव्हते असे म्हणायला कोणाला जागा राहू नये आणि ते अमलात आणणारे पोलीस प्रशिक्षित व अधिकारसंपन्न असावेत, या तीन गोष्टी त्यांनी आयुष्यभर सांगितल्या. १९३९ साली त्यांनी आपल्या चाळीस वर्षांच्या कामाचा वृत्तांत पुस्तकरूपाने लिहिला. वाहतुकीच्या या जनकाला मोटारीचे प्रेम मात्र कधीच नव्हते. घोड्यावर त्यांचा जीव होता आणि ते स्वतः कधी मोटार चालवायला शिकले नाहीत, असे त्यांच्याविषयी सर्वत्र सांगितले जाते. ३ डिसेंबर १९४५ रोजी, वयाच्या ८७व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. प्रतिष्ठानाने १९४७ पासून वाहतूकविषयक त्रैमासिक सुरू केले. वॉशिंग्टनमधील ईनो सेंटर या नावाने ही संस्था पुढेही काम करत राहिली.

न्यूयॉर्क शहरात आज सिग्नल असलेले १३ हजारांहून अधिक चौक आहेत. ईनो यांच्या लाडक्या कोलंबस सर्कलची रचना त्यांच्या मागे अनेकदा बदलली आणि २००५ साली त्याचे नूतनीकरण झाले. गाड्या तेथे वर्तुळातच फिरतात, पण सिग्नलच्या तालावर, कारण त्या चौकात आता पायी चालणाऱ्यांची गर्दीही प्रचंड आहे. पॅरिसच्या विजयकमानीभोवतीच्या वर्तुळात मात्र बारा रस्त्यांच्या गाड्या आजही दिव्यांवाचून फिरतात आणि पादचाऱ्यांसाठी खालून भुयारी मार्ग काढलेला आहे. एकाच काळात, एकाच विचाराने घडलेल्या या दोन चौकांची उत्तरे आज वेगवेगळी आहेत. ज्याने त्याने आपल्या चौकातली माणसे आणि वाहने मोजली, तसे ज्याचे त्याचे उत्तर ठरले.